घरासाठी प्लॉट बघताय? आवाज, एकांत आणि सुरक्षिततेच्या बाबतीत या चुका टाळा

कुणी म्हणालं, "आम्ही प्लॉट बघून आलो, फार शांत आहे," की मी आधी विचारतो, कोणत्या वारी आणि किती वाजता? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास. गाडीतून उतरले, पंधरा मिनिटं फिरले, चार फोटो काढले आणि संध्याकाळी इसार देऊन मोकळे झाले. हीच माणसं पुढे फरशीच्या रंगावर महिनाभर वाद घालतात. फरशी उद्या उखडून बदलता येते. समोरचा रस्ता, जमिनीचा उतार आणि शेजार काही केल्या बदलता येत नाही.

एकदाच जाऊन "शांत आहे" असं ठरवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल अधिकाराने बोलतो.

माझा पहिला प्लॉट मी तीन वेळा पाहिला. तिन्ही वेळा रविवारी, कारण विकणाऱ्याला तेवढाच वेळ होता. जागेपासून ऐंशी-नव्वद मीटरवर चढाचा रस्ता होता. त्यावरून एखादी गाडी जायची, बाकी पाखरांचे आवाज. घर बांधलं, राहायला गेलो आणि कामाच्या दिवसातल्या पहिल्याच पहाटे साडेचारला जाग आली. मालाचा ट्रक चढाला लागला होता. ड्रायव्हरने गिअर खाली टाकला, इंजिन गुरगुरलं, खिडकीची काच थरथरली. तो चढून गेला म्हणून कूस वळवली, तर दुसरा आला. सहा वाजेपर्यंत मी बावीस ट्रक मोजले. रविवारी ही वाहतूक बंद असायची, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यातली गोम नंतर कळली. दिवसा जमीन तापते, तिच्या लगतची हवा गरम असते आणि आवाज वरच्या बाजूला वळून निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज पुन्हा खाली वाकतो. दुपारी ज्याचा पत्ताही लागत नाही तो अर्ध्या किलोमीटरवरचा रस्ता पहाटे उशाशी येतो. म्हणजे प्लॉटचा आवाज ऐकायला दुपार ही सगळ्यात फसवी वेळ.

"घर थोडं मागे सरकवू" हा उपायही लोक फार लवकर सुचवतात. सतत वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज साधारण ३ डेसिबलने कमी होतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल तरी उतरावे लागतात. आता ज्याचा प्लॉटच वीस मीटर खोल आहे तो घर मागे सरकवून सरकवून सरकवणार किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रस्त्याचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. आकडा चांगला आहे, पण मोबाईलच्या अ‍ॅपवर ४४ दिसला म्हणून नाचू नका. एक तर ही अ‍ॅप्स सहज काही डेसिबल चुकतात. दोन प्लॉटांची तुलना करायला ठीक, निकाल द्यायला नाही. दुसरं, सरासरी ही सरासरीच असते. रात्रभर सामसूम आणि मधेच चार ट्रक, याची सरासरी छान येते. झोप मात्र चार वेळा मोडते.

मी आता काय करतो? घडीची खुर्ची घेऊन जातो. झोपायची खोली जिथे येईल असं वाटतं तिथे ती टाकतो आणि डोळे मिटून वीस मिनिटं बसतो. कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळी, कामाच्याच दिवशी रात्री दहानंतर, एकदा पहाटे आणि एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री. विकणारे माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतात. बघू देत. ज्याला चार फेऱ्या मारायचा कंटाळा येतो त्याने पुढची तीस वर्षं तिथे राहायचा विचार कशाला करावा?

"झाडं लावली की आवाज थांबेल"

नाही थांबत. पाच डेसिबलचा फरक पडायला साधारण तीस मीटर जाडीचा, खालपासून वरपर्यंत गच्च झाडांचा पट्टा लागतो. कुंपणाची एक रांग नजर अडवते, आवाजाला तिचं काही वाटत नाही.

आवाज अडवायला वजन लागतं. फट नसलेली, दर चौरस मीटरला निदान दहा-पंधरा किलो वजनाची भिंत, आणि तीही एवढी उंच की रस्ता आणि तुमचा कान यांच्यातली सरळ रेषा तुटली पाहिजे. ती रेषा जेमतेम तुटली की पाचेक डेसिबल मिळतात. मग वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याचं काय? त्याच्या खिडकीतून ट्रक सरळ दिसतो, म्हणजे ऐकूही येणारच. भिंतीपेक्षा जमिनीचा चढउतार जास्त कामाचा. रस्ता खाली खणून गेलेला असेल आणि तुम्ही वरच्या कडेपासून आत असाल, तर ती कडाच भिंतीचं काम करते, तेही फुकट. याउलट दरीच्या तोंडावरचा "व्ह्यू" असलेला प्लॉट. जेवढं दिसतं तेवढं सगळं ऐकू येतं.

प्लॉट रुंद असेल तर जिना, न्हाणीघर, कोठीची खोली रस्त्याच्या अंगाला टाकून झोपायच्या खोल्या पलीकडे नेता येतात. अरुंद प्लॉटात ती सोय राहत नाही.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटला आपली बाग समजणं

तो कुणाचा तरी उद्याचा दिवाणखाना आहे. तिथे नियमाने जास्तीत जास्त किती मजले चढवता येतात आणि हद्दीपासून किती सामासिक अंतर, म्हणजे मोकळी जागा, सोडावं लागतं हे आधी विचारा, आणि तेवढं घर तिथे उभं आहे असं धरून चाला. शेजारची जमीन तुमच्यापेक्षा दोन मीटर उंच असेल, तर अर्धा मीटर जोतं आणि दीड मीटरवर उभ्या माणसाचे डोळे, म्हणजे त्याच्या तळमजल्यावरून तुमच्या अंगणात बघणारी नजर तुमच्या जमिनीपासून चार मीटरवर. तुमची दोन मीटरची भिंत तिथे काय झाकणार? एकांत हवा असेल तर निदान शेजाऱ्यांच्या खाली जाऊन बसू नका. पावसाचं पाणीही तिथेच येतं, पण तो वेगळा विषय.

एकांत म्हणजेच सुरक्षितता, हा गैरसमज

माझी दुसरी दुखरी नस.

आमच्या मेव्हण्याने दोन घरांच्या मागे लपलेला प्लॉट घेतला. आत जायला तीसेक मीटर लांब बोळ, रस्त्यावरून घर दिसतच नाही. त्यात त्याने चहूबाजूंनी डोक्याच्या वर जाईल अशी भरीव भिंत घातली आणि लोखंडी पत्र्याचं बंद फाटक लावलं. मी म्हटलं, "अरे, निदान फाटक तरी जाळीचं ठेव." तर म्हणे, "भावोजी, मला कुणाची नजरच नको."

दुसऱ्या वर्षी घरचे दोन दिवस बाहेरगावी गेले. चोराला भिंत एकदाच चढावी लागली. आत उतरल्यावर त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज करवतीने निवांत कापले. शेजाऱ्यांना तो आवाज ऐकू आला होता. त्यांना वाटलं, घराचं काही काम चाललंय. डोकावून बघायची सोयच नव्हती, ती मेव्हण्याने स्वतःच बंद केली होती. चौकशीला आलेला हवालदार भिंतीकडे बघून म्हणाला, "आडोसा मात्र झकास केलाय तुम्ही." त्यावर मेव्हणा काही बोलला नाही. महिन्याभराने फाटकाचा पत्रा निघाला, जाळी आली.

चोराला भिंतीपेक्षा कुणीतरी बघेल याची भीती जास्त. त्यामुळे मी प्लॉट बघताना समोरच्या घरांच्या खिडक्या मोजतो. दोन-तीन खिडक्यांतून आपलं दार दिसत असेल तर ते मला आवडतं. पुढचं कुंपण छातीपर्यंत, आरपार दिसणारं. एकांत मागच्या अंगणात. आणि मागची हद्द दुसऱ्या कुणाच्या अंगणाला लागलेली हवी. मागून बोळ किंवा पायवाट जात असेल तर तो प्लॉट कितीही स्वस्त मिळू दे, मी दोनदा विचार करतो. अशा पायवाटेवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू इथे का?

बोळातल्या प्लॉटांना आणखी एक विचारा: रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी आत वळेल का? टेप घेऊन रुंदी मोजा, अंदाज नको.

डोळे दिपवणारा दिवा भिंतीवर लावून "सुरक्षा केली" म्हणणारे वेगळेच. त्या झगमगाटामागची सावली इतकी काळी होते की तिथे माणूस उभा राहिला तरी दिसत नाही. आणि कॅमेरा जास्त उपयोगी पडतो तो चोरी होऊन गेल्यावर.

बाकीच्या, पटापट

कोपऱ्याचा प्लॉट: उजेड-वारा दोन बाजूंनी, पण आवाज, नजरा आणि कुंपणाचा खर्चही दोन बाजूंनी.

तिठ्यावर समोरचा रस्ता थेट तुमच्यावर येत असेल, तर रात्री प्रत्येक गाडीचे दिवे भिंतीवरून फिरतात. पडदे जाड घ्या, किंवा प्लॉट दुसरा घ्या.

दारासमोर गतिरोधक असेल तर खूश होऊ नका. प्रत्येक गाडी ब्रेक मारते, आपटते आणि पुन्हा वेग घेते. रिकामा ट्रक तर सगळी भांडी एकदम पडल्यासारखा वाजतो.

रस्ता जिथे संपतो तिथला प्लॉट चांगला, परका माणूस लगेच नजरेत येतो. पण त्या टोकातून पायवाट पुढे निघत असेल तर ही सगळी मजा गेली.

रोहित्र (विजेचा ट्रान्सफॉर्मर), पाण्याचा पंप, मोठ्या शीतयंत्रांची घरघर: खालच्या पट्टीतले आवाज भिंतीवरून वळसा घालून येतात आणि बंद खिडकीतूनही शिरतात. हे फक्त रात्री, खुर्चीवर बसूनच कळतं.

आता तिन्ही गोष्टी पुरेपूर देणारा प्लॉट मी अजून पाहिलेला नाही. माझ्यासाठी झोप पहिली, मग सुरक्षितता, मग एकांत. पडदा ओढला की एकांत थोडाफार मिळतो म्हणून तो शेवटी. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी दिवसभर एकटं राहत असेल, तर क्रम बदलेल. तो इसार द्यायच्या आधी घरात बसून ठरवा.

गेल्या महिन्यात ओळखीतलं एक नवं जोडपं असाच "फार शांत" प्लॉट घेऊन माझ्याकडे आलं. इसार दिला नव्हता, एवढं नशीब. मी म्हटलं, पहाटे चारला जा आणि नुसते बसा. मुलगा हसला, पण गेला. सव्वाचारला त्याचा फोन आला. "काका, झाडांच्या मागे कसलंतरी गोदाम आहे. ऐकू येतंय का?"

मागे सरकणाऱ्या ट्रकची पीं पीं पीं मला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येत होती.