ताजं ऑलिव्ह तेल चाखायचंय? दिवाळीच्या सुट्टीत इटलीतल्या त्रेवीला जा

पुण्यातून इटलीला जाणारे बरेच जण मे महिन्यात निघतात, पण तेलासाठी जायचं असेल तर दिवाळीची सुट्टीच धरा, कारण मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि घाणे चालू असतात ते तेव्हाच. गाव त्रेवी, रोमच्या त्रेवी फाउंटनवालं नाही हं, त्यामुळे हॉटेल बुक करताना मॅप नीट बघा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, तर गणपतीपर्यंत थांबू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो.

रोमच्या मुख्य स्टेशनवरून, म्हणजे रोमा तेरमिनीहून, फोलिन्यो शहराकडे जाणारी लोकल ट्रेन घ्या, त्रेवीला थांबणारी आहे ना ते बघून, आणि कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड बसतो. स्टेशन खाली सपाटीला आणि जुनं गाव वर टेकडीवर, सोबत आईबाबा असतील तर टॅक्सीचं आधीच ठरवून ठेवा.

आता मुख्य काम. एखाद्या घाण्यावर आधी विचारून जा आणि मोरायोलो जातीचं नवं तेल मागा. छोट्या कपात घोटभर घ्यायचं, वर हात झाकून तळव्यात कोमट करायचं, मग वास, मग घोट घेऊन दातांतून हवा आत ओढायची. हिरव्या गवताचा वास येतो, जिभेला कडू लागतं आणि शेवटी घसा असा चरचरतो की ठसका लागतो. तेल खराब आहे असं वाटून कप खाली ठेवू नका, तो चरचरीतपणा पॉलिफेनॉल्सचा, म्हणजे ऑलिव्हमधल्याच नैसर्गिक घटकांचा, ताज्या तेलाची हीच खूण. रंगावर तर अजिबात जाऊ नका, चाखणारे जाणकार मुद्दाम निळ्या काचेचे कप वापरतात, रंग दिसूच नये म्हणून.

वेळ उरला तर सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठात ऑलिव्हचं म्युझियम आहे, आणि जवळच बोवाराला संत एमिलियानोचं ऑलिव्हचं झाड, सुमारे 1700 वर्षांचं सांगतात, खोड बघाच. इथली काळी सेलरी ही भाजीपण प्रसिद्ध, पण भरलेली असेल तर आत बहुतेक सॉसेज असतं, शाकाहारी लोकांनी विचारूनच मागवा.

तेल घेताना पत्र्याचा डबा घ्या, उजेड लागत नाही, फुटत नाही, लेबलवर डीओपी उंब्रिया (तेल त्याच भागातलं असल्याचा युरोपातला अधिकृत शिक्का) आणि तोडणीचं वर्ष बघा. केबिन बॅगेत 100 मिलीच्या वर बऱ्याच विमानतळांवर चालत नाही, चेक-इनमध्येच टाका. घरी आल्यावर फोडणीत घालवू नका, कच्चंच वरून घाला आणि जपून न ठेवता लवकर संपवा.