एआयनंतरचं सोशल मीडिया लेखन: फ्रीलान्सिंगला नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि शब्दांवर पैसे घेऊन घाऊक पोस्ट लिहिण्याच्या कामाचा भाव पडला. ते काम क्लायंट आता स्वतःच उरकतो. तुमच्याकडे येतं ते असं: "ड्राफ्ट तयार आहे, जरा हात फिरवा." नवखे इथेच फसतात. निम्म्या पैशांत हो म्हणतात आणि मग एकेक वाक्य मोडून नव्याने लिहीत बसतात. म्हणून दर सांगण्याआधी दोन ड्राफ्ट मागवा, घड्याळ लावून दुरुस्त करा आणि लागलेल्या वेळेवरून महिन्याचा आकडा ठरवा. बदलांच्या फेऱ्या दोनच, हे लेखी घ्या.

मराठी ड्राफ्टची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या जगात' आणि शेवट 'कमेंटमध्ये नक्की कळवा' हे जवळपास ठरलेलंच. आधी ही दोन्ही टोकं उडवा. मधल्या भागात 'दातांची निगा राखणे अत्यंत महत्त्वाचे आहे' असलं काहीतरी असतं. चूक काही नाही, पण वाचणार कोण? दाताच्या डॉक्टरांना पेशंट विचारतो, "रूट कॅनॉल करताना दुखतं का?" पहिली ओळ हीच. असे प्रश्न एआय अंदाजाने रचतो, डॉक्टरांनी ते रोज ऐकलेले असतात. त्यामुळे दर महिन्याला क्लायंटशी वीसेक मिनिटं फोनवर बोला: लोकांनी काय विचारलं, कशावरून कुरकुर केली, कोणतं गिऱ्हाईक परत गेलं. या नोंदी आणि क्लायंटच्या आठ-दहा चांगल्या जुन्या पोस्ट दिल्या, की एआयकडून सुरुवातीच्या दहा ओळी काढून घ्यायला हरकत नाही. एखादी कामाची निघते, कधी तीही नाही.

लांबीच्या बाबतीत एआयवर विसंबू नका. एक्सवर फुकट खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'मराठी'ची पाच होतात, 'क्षेत्र'ची सात! एआय मजकूर तुकड्यांत वाचतो, त्यामुळे ही मोजणी त्याची अनेकदा चुकते. मजकूर थेट अ‍ॅपमध्ये टाकून बघा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० अक्षरं चालतात खरी, पण 'आणखी'वर टॅप करण्याआधी जेमतेम एक-दोन ओळी दिसतात. मुद्दा तिथेच हवा.

आकडे, तारखा, योजनांच्या अटी, कुणाची तरी अवतरणं एआय बेधडक ठोकून देतो. प्रत्येकाचा मूळ दस्तऐवज उघडून बघा, सापडला नाही तर ओळ काढा. आरोग्य आणि पैशांच्या पोस्टमध्ये तर यात सूट नाहीच.

कधी क्लायंट एखाद्या तपासणी साधनाचा स्क्रीनशॉट पाठवून म्हणेल, "हे एआयचं आहे." चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केलं होतं. तरी वाद घालण्यापेक्षा फोनच्या नोंदी आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. एआय कुठे वापरणार हे करारातच लिहा आणि बाजारात न आलेल्या उत्पादनाची माहिती किंवा ग्राहकांची यादी क्लायंटला विचारल्याशिवाय कोणत्याही एआय साधनात पेस्ट करू नका.