फुगलेल्या नसा, थंड पाय: मोजे चढवण्याआधी या चुका टाळा

पोटरीवर निळ्या नसांचं जाळं दिसलं की मेडिकलमधून घट्ट मोजे आणायचे, हे आमच्याकडे गावोगाव ठरलेलं. बहुतेकांना बरं वाटतंही. पण पायाला मुळातच रक्त कमी पोचत असेल, तर तोच मोजा उरलंसुरलं रक्त अडवतो.

मागच्या कापूस वेचणीत साठीतले एक काका आले. चाळीस वर्षं बिडी, वर तंबाखू-सुपारीचा खर्रा. मोजे रात्रीही काढले नव्हते. उतरवले तर अंगठा जांभळा, टाचेवर काळा ठिपका, पाऊल गार. "निजलो का ठणकते, साहेब. पाय बाजेखाली लोंबता सोडला का बरं वाटते." निदान त्यांनीच सांगून टाकलं. नसा फुगलेला पाय उशीवर घेतला की हलका होतो. धमनी, म्हणजे पायाला रक्त आणणारी नळी, चोंदलेला पाय उलट खाली सोडल्यावर शांत होतो. म्हणून "पाय वर ठेवा" हा सल्लाही सरसकट देऊ नका.

दोन्ही दुखणी एकाच पायात असतात तेव्हा फसगत होते, कारण नस दिसते, धमनी दिसत नाही. मग विचारावं लागतं: वावरात चालताना पोटरी आवळते का, धुऱ्यावर थोडं थांबलं की सुटते का? घोट्याच्या आतल्या बाजूची ओली जखम बहुधा फुगलेल्या नसेची. बोटांवरची, टाचेवरची कोरडी जखम दिसली की धमनीची शंका घ्या. पावलावर आणि घोट्यामागे नाडी चाचपा.

नाडी लागत नसेल तर डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) घोट्याचा दाब मोजून घ्या. दंडाचा वरचा दाब 120 आणि घोट्याचा 60, म्हणजे गुणोत्तर 0.5. 0.9च्या खाली धमनीचा आजार धरतात. 0.5च्या खाली घट्ट मोजे बादच. मधे हलक्या दाबाचे मोजे, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. शुगरच्या पेशंटचा आकडा मात्र फसवा. धमन्या कडक झाल्या की तो 1.4च्याही वर जातो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात.

गार पायाला विटेचा शेक नको. बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही. पाय अचानक पांढरा, बधिर पडला तर सकाळची एसटी धरू नका, 108 लावा.

आणखी एक. "नसा काढूनच टाका" म्हणणारे बरेच. पायातली ती लांब नस उद्या चोंदलेल्या धमनीच्या बायपासला लागू शकते, त्यामुळे लेझरने नस बंद करण्याआधी धमनी तपासलेली बरी.

काकांना त्याच दिवशी नागपूरला धाडलं. मोजे मात्र त्यांनी घडी करून पिशवीत घातले. पैसे मोजले होते ना!