लांब इंग्रजी शब्द शोधताना या चुका टाळा

‘क्यू आणि झेड असलेला सगळ्यात लांब इंग्रजी शब्द कोणता?’ असा प्रश्न कोड्यात, प्रश्नमंजूषेत किंवा स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्यांच्या खेळाच्या घरच्या डावात आला, की आपण लगेच शब्द आठवायला लागतो. तिथेच गाडी अडते. शब्द न सापडण्याचं कारण शब्दसंग्रह तोकडा असणं हे क्वचितच असतं. बहुतेक वेळा अट नीट वाचलेली नसते, नाहीतर चुकीच्या यादीत शोध चाललेला असतो.

‘असलेला’ आणि ‘पासून बनलेला’ यांत गल्लत

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून हे आधी. समजा अक्षरं सी, ए आणि टी अशी आहेत. ‘ही अक्षरं असलेला’ म्हटलं की बाकीची कुठलीही अक्षरं चालतात. ‘या अक्षरांपासून बनलेला’ म्हटलं की चौथं अक्षर आलं तर शब्द बाद.

‘असलेला’ या अटीचेही तीन प्रकार होतात. ट्रॅफिकमध्ये तिन्ही अक्षरं आहेत, पण क्रम उलटा आहे. क्लायमेटमध्ये ती क्रमानं येतात, मध्ये इतर अक्षरं आहेत. एज्युकेशनमध्ये तर ती क्रमानं आणि एकमेकांना चिकटून येतात. अट फक्त ‘असलेला’ एवढीच असेल तर तिन्ही शब्द बरोबर, ‘क्रमानं’ असेल तर दोन आणि ‘सलग’ असेल तर एकच. इंग्रजीतले पाचही स्वर क्रमानं मागणारं कोडं याच जातीचं. त्याचं उत्तर फॅसेशस (facetious) किंवा ॲबस्टीमियस (abstemious). सेक्वोयात (sequoia) स्वर पाचही आहेत, पण क्रम जुळत नाही, म्हणून तो चालत नाही.

यानंतर अक्षर पुन्हा वापरता येतं का, हे पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्पेलिंग बी या कोड्यात सात अक्षरं मिळतात, मधलं अक्षर शब्दात यावंच लागतं, शब्द निदान ४ अक्षरी हवा आणि कुठलंही अक्षर कितीही वेळा वापरता येतं. त्यामुळे एन, ओ, टी, आय, एफ, सी, ए या सातांतून नोटिफिकेशन हा १२ अक्षरी शब्द निघतो. स्क्रॅबलमध्ये मात्र प्रत्येक सोंगटी एकदाच वापरता येते, म्हणून तिथे हाच शब्द करायला तीन आय आणि एन, ओ, टी प्रत्येकी दोन हाताशी लागतील. या दोन प्रकारच्या खेळांसाठी शोधण्याची साधनंही वेगळी असतात. एकासाठी केलेलं साधन दुसऱ्याला वापरलं की उत्तरं एकतर गायब होतात, नाहीतर न चालणारी येतात. पिझॅझचं (pizzazz) उदाहरण घ्या. शब्द कोशात आहे, पण त्यात चार झेड आहेत. इंग्रजी स्क्रॅबलच्या संचात झेडची सोंगटी एक आणि कुठलंही अक्षर म्हणून चालणाऱ्या कोऱ्या दोन, म्हणजे जास्तीत जास्त तीन झेड. हा शब्द पटावर मांडताच येत नाही.

कानानं शोधणं

मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून आपण इंग्रजी शब्दही आवाजावरून आठवतो. ही सवय इथे फसवते. ‘क्स’ ऐकू आला म्हणून एक्स असेलच असं नाही. सक्सेस, ॲक्सेंट, ॲक्सिडेंट या तिन्हींत एक्स नाही, दोन सी आहेत. एक्झाममध्ये झ ऐकू येतो, पण झेड नाही. उलट एक्झिमात (eczema) झेड आहे आणि एक्स नाही. क्यू हवा असेल तर आपण ‘क्व’ शोधत बसतो आणि शेवटी नुसता ‘क’ ऐकू येणारे टेक्निक, अँटिक, पिक्चरेस्क निसटतात. पिक्चरेस्कला ‘नेस’ जोडला तर तब्बल १५ अक्षरं होतात. सायकॉलॉजीतला पी आणि नॉलेजमधला के तर ऐकूच येत नाहीत. म्हणून शब्द सुचला की मनातल्या मनात उच्चारू नका, कागदावर स्पेलिंग लिहा.

दुसरा सापळा एस आणि झेडचा. आपल्याकडे शाळेत बहुधा ब्रिटिश पद्धतीनं ‘आयझेशन’ एस घालून लिहायला शिकवतात. त्यामुळे एक्स आणि झेड दोन्ही हवे असताना मॅक्झिमायझेशन आणि एक्सटर्नलायझेशन डोक्यात येऊनही आपण ते बाद करतो. झेडच्या स्पेलिंगनं पहिला १२ अक्षरी आहे, दुसरा १५.

यादीच चुकीची

स्क्रॅबलचा पट १५ गुणिले १५ घरांचा आहे, म्हणून स्पर्धेच्या अधिकृत याद्या १५ अक्षरांवर थांबतात. ‘सगळ्यात लांब’ शब्द अशा यादीत शोधला तर डिसक्वालिफिकेशन (१६ अक्षरं) कधीच दिसणार नाही आणि तो नसतोच असं वाटेल. ॲपलच्या संगणकांवरच्या मॅकओएससोबत येणारी शब्दांची फाइल १९३४ च्या वेबस्टर कोशावर आधारलेली आहे. तिच्यात अडगळीतले लांब शब्द भरपूर आहेत, पण इंटरनेटसारखे नवे शब्द नाहीत आणि नेहमीची अनेकवचनंही जवळपास नाहीत. ‘एस’ लावून शब्द एका अक्षरानं वाढवायचा असेल तर ही फाइल उपयोगाची नाही. खेळ कोणता आहे ते आधी ठरवा आणि त्याचीच यादी घ्या.

संगणकावर गाळणी लावताना

ग्रेप (फाइलमधला मजकूर शोधणारी आज्ञा) किंवा तत्सम साधनात चौकटी कंसात तीन अक्षरं लिहिली की त्याचा अर्थ ‘या तिन्हींपैकी कुठलंही एक’ असा होतो, ‘तिन्ही’ असा होत नाही. हजारो निकाल आले तर समजा, हीच चूक झाली आहे. उपाय सोपा आहे: एका अक्षराची गाळणी लावा, आलेल्या निकालावर दुसऱ्या अक्षराची, मग तिसऱ्याची. क्रम हवा असेल तर अक्षरांच्या मध्ये टिंब आणि तारांकन (.*) घाला. ते विसरलात तर फक्त सलग अक्षरांचे शब्द मिळतील.

एक्सेलमध्ये अक्षर शोधायला सर्च फंक्शन वापरा, फाइंड नको, कारण फाइंड कॅपिटल आणि लहान अक्षर वेगळं मानतं. मात्र अक्षर न सापडल्यास सर्च शून्य देत नाही, एरर देतं. म्हणून त्याला इझनंबरमध्ये (ISNUMBER, म्हणजे उत्तर आकडा आहे का हे सांगणारं फंक्शन) गुंडाळा. प्रत्येक अक्षरासाठी एक वेगळा स्तंभ ठेवला की चूक कुठे आहे ते लगेच कळतं. दोन झेड हवे असतील तर नुसती ‘आहे का’ ही तपासणी पुरत नाही. शब्दाची लांबी मोजा, सबस्टिट्यूटनं सगळे झेड काढून उरलेली लांबी मोजा आणि वजाबाकी करा. सबस्टिट्यूटही कॅपिटल-लहान भेद करतं, तेव्हा आधी लोअर लावून सगळी अक्षरं लहान करा.

लांबी एकनं जास्त येत असेल तर शब्दामागे न दिसणारं काहीतरी चिकटलेलं आहे. विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असतं. ती फाइल लिनक्सवर उघडली की ‘शब्दाचा शेवट’ सांगणारं $ चिन्हही चालेनासं होतं. एक्सेलमध्ये हे चिन्ह क्लीननं जातं, साधी मोकळी जागा ट्रिमनं जाते. वेबपानावरून नक्कल केलेल्या यादीत कधी कधी १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा येते. ती ट्रिमला दिसत नाही, सबस्टिट्यूटनंच काढावी लागते. जोडरेघाही मोजल्या जातात: मदर-इन-लॉ ११ अक्षरांचा आहे, पण एक्सेल १३ सांगतं.

यादीशिवाय, डोक्यानं

सोप्या अक्षरापासून सुरुवात करू नका. ई आणि टी कुठेही सापडतात. जे, क्यू, एक्स, झेड यांतलं जे अक्षर दिलं असेल ते आधी धरा, त्याचं छोटं मूळ शोधा आणि मग शेपूट लावा. क्यू आणि झेडसाठी मूळ क्विझ. त्याचं क्विझिकल, मग क्विझिकली: ११ अक्षरं. दुसरं मूळ ईक्वल. त्याचं झेडवालं ईक्वलायझेशन: १२. क्यू आणि एक्ससाठी एक्सक्विझिटला ‘नेस’ लावा, १३ होतात. जे आणि एक्ससाठी जक्स्टपोझिशन, तेही १३.

‘एशन’ हे शेपूट ए, टी, आय, ओ, एन ही पाच अक्षरं एका फटक्यात देतं, त्यामुळे मागणीत ही असतील तर आधी तेच लावून पाहा. ‘नेस’ वाटेल त्याला जोडण्याचा मोह मात्र आवरा. शब्द तुमच्या खेळाच्या यादीत असायला हवा, आणि तिथे एक्सक्विझिटनेस आहे म्हणून प्रत्येक विशेषणाचं तसं रूप असेलच असं नाही.

शब्द पक्का केला की दिलेली अक्षरं त्याच्याखाली लिहा आणि एकेक करून खोडा. एक अक्षर दोनदा दिलं असेल तर ते दोनदा खोडलं गेलंय ना, हे पाहूनच उत्तर द्या.