आजारपणातले निर्णय आधीच ठरवायचेत? टूल उघडण्याआधी हे वाचा

उद्या आपल्याला बोलताच आलं नाही तर डॉक्टरांनी काय करायचं आणि काय नाही, हे आधी ठरवून ठेवायला आता बऱ्याच वेबसाइट नि अ‍ॅप आहेत. प्रश्न विचारतात, मधेमधे व्हिडिओ दाखवतात आणि शेवटी एक पीडीएफ देतात. मी मावशीला बसवून हे सगळं केलंय आणि पहिल्यांदा चांगलीच माती खाल्लीय.

एक तर माउस माझ्या हातात होता, आणि वर एकाच बैठकीत संपवायची घाई. मावशी प्रत्येक प्रश्नाला 'हो, करा सगळे उपचार' म्हणत होती, सातव्या की आठव्या पानावर मी विचारलं अगं खरंच व्हेंटिलेटर हवाय का तुला, तर म्हणते "हो म्हटलं की पुढचं पान येतं ना!" लॅपटॉप बंद केला आणि नुसतं बोलत बसलो. तेव्हा हळूच म्हणाली, "नातवाला ओळखतेय तोवर काय ते करा, ते गेलं की नळ्या नकोत." आता हे कुठल्या ऑप्शनमध्ये बसवणार? बऱ्याच टूलमध्ये 'आणखी काही सांगायचंय' असा रिकामा बॉक्स असतो, त्यात जसंच्या तसं टाइप केलं. माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधली तेवढीच ओळ कामाची आहे.

तर माउस त्यांच्याच हातात द्या, अक्षर मोठं करा, वीसेक मिनिटं झाली की थांबा.

टूल कुठलं? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं 'प्रिपेअर फॉर युअर केअर' फुकट आहे, पण इंग्रजी नि स्पॅनिशमध्ये, म्हणजे शेजारी बसून समजावून सांगावं लागतं. त्याचा क्रम मला आवडतो. आधी आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस निवडायचा, उपचारांचं नंतर. सगळ्यात जास्त माया करणारा माणूस इथे चालेलच असं नाही, आयसीयूच्या दारात उभं राहून डॉक्टरांना तुमचं म्हणणं ठामपणे सांगू शकेल असा हवा. मग त्या माणसाला किती मोकळीक द्यायची तेही विचारतात, म्हणजे लिहिलंय तेच करायचं की वेळ बघून बदललं तरी चालेल. लोक हा प्रश्न घाईत उडवतात आणि पुढे घरात भांडणं याच्यावरूनच होतात.

व्हिडिओ असेल तर स्किप करू नका. २००९ च्या एका अभ्यासात २०० वयस्कर लोकांपैकी काहींना स्मृतिभ्रंशाची शेवटची अवस्था कशी असते ते नुसतं तोंडी सांगितलं आणि काहींना सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओही दाखवला. अशी वेळ आली तर फक्त त्रास कमी करणारे उपचार द्या असं पहिल्या गटात ६४ टक्के म्हणाले आणि व्हिडिओवाल्यांत ८६ टक्के. सहा आठवड्यांनी परत विचारलं तर तोंडी ऐकलेल्यांपैकी २९ टक्क्यांचं मत बदललेलं, व्हिडिओवाल्यांत फक्त ६ टक्क्यांचं.

चॅटबॉटला 'डायलिसिस म्हणजे काय' वगैरे विचारा, खुशाल विचारा, पण 'माझ्या आईने काय निवडावं' हे नको, आणि रिपोर्ट, नाव, जन्मतारीख तिथे टाकू नका.

पीडीएफ आली म्हणजे झालं असं नाही हं. सही, साक्षीदार याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते बघून घ्या, नाहीतर तो नुसता कागद. फाइलच्या नावात तारीख टाका, जुनी डिलीट करा, एक कॉपी डॉक्टरांकडे, एक त्या निवडलेल्या माणसाकडे. आणि फोनमधली इमर्जन्सीची माहिती भरा, आयफोनमध्ये 'मेडिकल आयडी' म्हणून असते, लॉक न उघडता दिसते (तसं सेटिंग चालू आहे ना ते तेवढं बघा). आमची पीडीएफ वर्षभर मावशीच्या फोनमध्ये होती आणि पासवर्ड फक्त तिलाच माहीत!

मोठा आजार निघाला, घरात कोणी गेलं, किंवा काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा फाइल उघडा. गेल्या वेळी मावशीने माझं नाव काढून मुलीचं टाकलं. का गं, विचारलं तर म्हणे "तू लगेच रडतोस."