पतसंस्थेचे मासिक चार्ट: टेम्प्लेट करण्याआधी काय ठरवायचं

पतसंस्थेत एमआयएसच्या, म्हणजे व्यवस्थापनासाठी आकड्यांचे अहवाल काढायच्या, कामावर रुजू झालात की चार्ट लगेच गळ्यात पडतात. संचालक मंडळाच्या मासिक सभेला ठेवी, कर्ज, थकबाकी हे सगळं शाखावार दाखवायचं असतं. नवीन मुलं-मुली दर महिन्याला नवा चार्ट टाकतात आणि रंग, फॉन्ट, अक्षावरचे आकडे पुन्हा पहिल्यापासून बसवत राहतात. मी मुख्य कार्यालयात हेच काम करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते, की एक्सेलमध्ये चार्टचं टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा साचा, करायला अर्धा मिनिट लागतो, पण त्यात काय भरायचं ते ठरवायला दोन-तीन दिवस खुशाल घ्या.

सुरुवात रंगांपासून करा. आमच्याकडे ठेवी कायम निळ्या, कर्ज कायम नारिंगी आणि थकबाकीच्या टक्केवारीची रेघ शेंदरी. पान उलटल्यावर रंगांचा अर्थ बदलला, तर संचालक आकडे सोडून खालची रंगसूची वाचत बसतात. हे रंग जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचवलेल्या रंगसंचातले आहेत. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांनाही ते वेगवेगळे ओळखू येतात. आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रमाणाचे, आकडे असे: निळा ०, ११४, १७८, नारिंगी २३०, १५९, ०, शेंदरी २१३, ९४, ०. सभेचे कागद शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच निघतात, आणि तिथेही हा निळा गडद, नारिंगी फिकट उमटतो. रंग देताना 'मोअर कलर्स'मध्ये जाऊन हे आकडेच टाका. वरच्या थीमच्या (फाइलच्या ठरलेल्या रंगसंचाच्या) चौकोनांतून रंग उचललात, तर चार्ट पॉवरपॉइंटमध्ये चिकटवल्यावर तिथल्या थीमप्रमाणे तो बदलू शकतो.

मग आकडे. उभ्या अक्षावर 'मिलियन' लिहिलेला चार्ट आपल्या सभेत ठेवू नका. अक्षावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस'मध्ये 'डिस्प्ले युनिट्स' उघडा. तिथे १००००० आणि १००००००० हेही पर्याय आहेत, म्हणजे आपले लाख आणि कोटी. निवडलात की बाजूला उमटणारी पाटी पुसून 'रुपये लाखांत' असं लिहा. पूर्ण रक्कमच दाखवायची असेल, तर नंबर फॉरमॅटमध्ये हा कोड टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यात लाख-कोटींचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. उणे रकमांना मात्र तो लागू होत नाही. त्यामुळे तोट्याच्या चार्टला लाखांतले आकडेच बरे. 'लिंक्ड टू सोर्स'ची खूण काढलेली असली पाहिजे, नाहीतर अक्ष शीटमधल्या सेलचा फॉरमॅट घेतो.

फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो, त्यामुळे दुसऱ्या शाखेतल्या संगणकावरही मराठी नीट दिसतं. शाखांची नावं युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर टेम्प्लेट लावताक्षणी त्यांची भलतीच अक्षरं होतील. आधी ती नावं युनिकोडमध्ये करून घ्या.

इतकं झालं की चार्टवर राइट क्लिक आणि 'सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट'. पुढच्या वेळी डेटा निवडून 'इन्सर्ट'मधल्या 'रेकमेंडेड चार्ट्स'वर जा. 'ऑल चार्ट्स'मध्ये 'टेम्प्लेट्स' दिसेल. तिथेच राइट क्लिक करून ते 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट चार्ट' केलंत, तर ऑल्ट आणि एफ१ दाबल्याबरोबर आपल्या स्टाइलचा चार्ट तयार होतो. स्तंभ आणि रेघ असा मिश्र चार्टही, दुसऱ्या अक्षासकट, टेम्प्लेटमध्ये राहतो.

टेम्प्लेटला काय लक्षात राहतं आणि काय नाही, हे मात्र नीट समजून घ्या, कारण खरी गडबड इथे होते. रंग मालिकेच्या (चार्टमधल्या एकेका रकान्याच्या आकड्यांच्या) क्रमाला चिकटतो, नावाला नाही. पुढच्या महिन्यात कोणी शीटमध्ये कर्जाचा रकाना ठेवींच्या आधी आणला, की कर्ज निळं होईल आणि एक्सेल चकार शब्द काढणार नाही. म्हणून रकान्यांचा क्रम हाही स्टाइलचाच भाग समजा. तीन मालिकांवर केलेलं टेम्प्लेट पाच मालिकांना लावलं, तर उरलेल्या दोन थीमचे रंग घेतात. शाखांची तुलना करायची असेल, तर जितक्या शाखा तितक्या मालिकांवर रंग देऊनच टेम्प्लेट सेव्ह करा.

उलट, नको असलेली एक गोष्ट त्याला पक्की लक्षात राहते. अक्षाची कमाल मर्यादा तुम्ही हाताने ५०० लाख टाकली असेल, तर तीही सोबत जाते. ७०० लाखांच्या शाखेचा स्तंभ मग वरच्या कडेला कापला जातो, आणि तो कापलाय हे कागदावर कोणाला कळत नाही. सेव्ह करण्याआधी कमाल मर्यादा 'ऑटो'वर आणा. उणे रकमांचा चार्ट सोडला, तर स्तंभांच्या चार्टला किमान मर्यादा मात्र शून्यावरच बांधून ठेवा. ती शून्याच्या वर असली, तर दोन शाखांमधला किरकोळ फरकही दुप्पट-तिप्पट वाटतो, आणि सभेत त्यावरून शाखाधिकाऱ्याला जाब विचारला जातो. हे माझ्या दृष्टीने रंगांपेक्षाही महत्त्वाचं आहे.

गूगल शीट्समध्ये अशी वेगळी टेम्प्लेट फाइल नसते. तिथे 'फॉरमॅट'मधल्या 'थीम'मध्ये चार्टचे रंग बदलून ठेवता येतात.

टेम्प्लेटची डॉट सीआरटीएक्स फाइल तुमच्याच संगणकावर राहते, वर्कबुकसोबत जात नाही. सहकाऱ्याला द्यायची असेल, तर त्या 'टेम्प्लेट्स'च्या पानावर खाली 'मॅनेज टेम्प्लेट्स' बटण आहे. त्याने फोल्डर उघडतं. तिथून फाइल उचलून त्याच्या संगणकावरच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टेम्प्लेट नंतर बदललंत तर आधी काढलेले चार्ट आपोआप बदलत नाहीत, त्यांना ते पुन्हा लावावं लागतं. त्यामुळे बदल एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष सुरू होतानाच करा आणि फाइलच्या नावात वर्ष घाला, म्हणजे मार्चअखेरपर्यंतचे बारा महिने एकाच स्टाइलमध्ये शेजारी ठेवून बघता येतात.