अंधारात फळमाशी कडू चव कशी ओळखते, हे स्वतः तपासायची पद्धत

ऑप्सिन (प्रकाश ओळखणारं प्रोटीन) म्हटलं की आपल्याला फक्त डोळाच आठवतो, कारण शिकवलंच तसं जातं. ऑप्सिनमध्ये रेटिनल नावाचा छोटा रेणू बसलेला असतो, प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो, त्याने जी-प्रोटीन, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारं प्रोटीन, जागं होतं आणि सिग्नल पुढे जातो. पण २०२० मध्ये सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रेग माँटेल यांच्या लॅबने दाखवलं की फळमाशीच्या चव घेणाऱ्या पेशींना ॲरिस्टोलोकिक ॲसिड नावाचा वनस्पतीतला कडू पदार्थ ओळखायला आरएच१, आरएच४ आणि आरएच७ हे तीन ऑप्सिन लागतात, आणि या कामाला उजेडही लागत नाही आणि रेटिनलही लागत नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं, खरंच.

चवीच्या अशा कामात दोन खाण्यांची टेस्ट नेहमी वापरतात आणि ती कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये सहज जमते. आधीच सांगते, ॲरिस्टोलोकिक ॲसिडच्या नादी लागू नका, ते किडनी खराब करतं आणि त्याने कॅन्सर होतो. आपण कॅफीन घेऊ, माशीला तेही कडूच लागतं. अर्थात शुद्ध कॅफीनची पावडर चमचाभर पोटात गेली तरी जीवावर बेतू शकतं, त्यामुळे ग्लोव्ह्ज घालून मोजा आणि डबीवर नाव लिहून ठेवा.

आधी साखरेचं स्टॉक (नंतर पातळ करून वापरायचं दाट द्रावण) करा, ३.४२ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली, म्हणजे १०० मिलिमोलर झालं. मग दोन बीकरमध्ये ५०-५० मिली पाण्यात अर्धा-अर्धा ग्रॅम अगार (पाणी जेलीसारखं घट्ट करणारी पावडर) उकळून घ्या. हाताला सोसेल इतपत कोमट झालं की निळ्या बीकरमध्ये स्टॉक अर्धा मिली घाला (१ मिलिमोलर) आणि लाल बीकरमध्ये अडीच मिली (साधारण ५ मिलिमोलर), शिवाय लालमध्ये ९७ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे ते साधारण १० मिलिमोलर होतं. खायचे रंगही आताच टाका, पोट बाहेरून रंगीत दिसलं पाहिजे इतके गडद. लालमध्ये साखर पाचपट आहे हे लक्षात ठेवा, गंमत त्यातच आहे, म्हणजे माशीला गोडाची ओढ एकीकडे आणि कडूचा नकार त्याच घासात. आता सपाट डबीच्या तळाला एक निळा एक लाल असे थेंब घाला, लॅबमध्ये छोट्या खड्ड्यांची प्लेट असेल तर अजूनच बरं.

माश्या ५०-६० घ्या आणि आदल्या दिवशीपासून साधारण २० तास उपाशी ठेवा. उपाशी म्हणजे तहानलेल्या नाही हां, बाटलीत नुसत्या पाण्याचा १ टक्का अगार असलाच पाहिजे. मी पहिल्या वेळी कोरड्या बाटलीत ठेवल्या आणि सकाळी निम्म्या मेलेल्या, फार वाईट वाटलं.

मग डबीत सोडायच्या, डबी फॉइलमध्ये नीट गुंडाळायची आणि दीड तास हात लावायचा नाही. अंधार का, तर रंग बघून निवड होऊ नये म्हणून, आणि ज्या प्रोटीनला आपण इतकी वर्षं प्रकाशाचं प्रोटीन म्हणत आलो त्याचं चवीतलं काम तपासताना उजेड मध्ये नकोच. वेळ झाली की डबी फ्रीझरमध्ये, माश्या निपचित पडल्या की भिंगाखाली पोटं बघा. निळी, लाल, आणि दोन्ही खाल्लं असेल तर जांभळी. भिंगाखाली ते रंगीत पोट इतकं स्पष्ट दिसतं की माशीने काय ठरवलं ते तिला विचारायची गरजच उरत नाही.

हिशोब असा: निळ्या पोटांचा आकडा अधिक जांभळ्यांचा अर्धा, भागिले सगळ्या रंगीत पोटांच्या माश्या. समजा ४० रंगीत निघाल्या, ३० निळ्या, ४ जांभळ्या, ६ लाल, तर ३२ भागिले ४० म्हणजे ०.८, म्हणजे जास्त गोड असूनही कडू टाळलं. कॅफीनशिवाय तीच टेस्ट केली तर आकडा ०.५ च्या खाली यायला हवा, कारण मग सगळ्या ५ मिलिमोलरकडे धावतात. रंगांची अदलाबदल करून पुन्हा करा, नाहीतर रंगाचीच आवड मोजून बसाल.

वासाचा घोळही काढून टाका. थेंबांवर बारीक जाळी अशी बसवा की वास येईल पण पाय किंवा सोंड टेकणार नाही (माशी पायानेही चव घेते). जाळीवरही माश्या एकाच रंगाकडे जमल्या तर तुमचा आकडा निव्वळ चवीचा नाही. आणि वास घेणाऱ्या रिसेप्टरांना (वास पकडणाऱ्या प्रोटीनांना) ऑप्सिनच्या गटात घालू नका. कीटकांचे वासाचे रिसेप्टरही पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जातात, ऑप्सिनसारखेच, पण उलटे बसलेले असतात, त्यांचं सुरुवातीचं टोक पेशीच्या आत असतं, आणि ऑर्को नावाच्या जोडीदाराबरोबर ते स्वतःच आयन चॅनल, म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारं दार, म्हणून उघडतात.

आता ऑप्सिन नसलेल्या माश्यांवर हेच करायचं असेल, उदाहरणार्थ आरएच१ बनवणारं नायना-ई जीन बिघडलेल्या, तर त्या इंडियानातल्या ब्लूमिंग्टन स्टॉक सेंटरसारख्या ठिकाणांहून लॅबच्या नावाने मागवता येतात. आणि इथे लोक हमखास चुकतात, एकच कडक डोस देतात, दोन्ही प्रकारच्या माश्या सारख्याच वागतात, आणि मग म्हणतात ऑप्सिनचा काही संबंध नाही. संबंध आहे, पण फिकट डोसला. ॲरिस्टोलोकिक ॲसिड थोडंच असतं तेव्हा ऑप्सिन जी-प्रोटीनला, ते फॉस्फोलायपेज सी या एन्झाइमला आणि शेवटी टीआरपीए१ चॅनलला उठवतं, प्रत्येक पायरीवर सिग्नल मोठा होत जातो, डोळ्यातही अंधुक उजेड पकडायची युक्ती अशीच असते. पदार्थ भरपूर असला की तो टीआरपीए१ ला थेटच उघडतो, ऑप्सिनची गरजच पडत नाही. (ऑप्सिन गटातली प्रोटीनं २०११ मध्ये अळ्यांच्या तापमान ओळखण्यात आणि २०१२ मध्ये माशीच्या ऐकण्यातही सापडली होती, म्हणजे चवीचं प्रकरण एकटं नाही.)

म्हणून कॅफीनवर हात बसवताना सुरुवातीपासूनच १०, ५, २, १ आणि ०.५ मिलिमोलर अशी उतरती मालिका लावा, प्रत्येक डोसला किमान तीन डब्या, आणि कुठल्या डोसला तुमच्या साध्या माश्यांचा आकडा ०.५ ओलांडतो ते वहीत लिहून ठेवा. म्युटंट माश्या आणि त्यांच्यासाठीचा पदार्थ हातात आला की त्याचीही अशीच मालिका लावायची, आणि दोघींचे आकडे त्या ओलांडायच्या डोसच्या आसपासच ताडून बघायचे.